मेनू दिसतो, पान सापडत नाही

समजा, एका वाचनालयाची वेबसाइट आहे. मेनूत ‘दिवाळी अंक’वर बोट ठेवलं की यादी उघडते. तुम्हाआम्हाला सगळं सुरळीत दिसतं, पण गूगलवर त्या यादीचा पत्ताच नाही.

वेबसाइटची पानं धुंडाळणारा गूगलचा बॉट लिंका शोधतो त्या पानाच्या एचटीएमएलमध्ये. ‘ए’ टॅग आणि त्यात ‘एचरेफ’पुढे लिहिलेला पत्ता दिसला, की तो पत्ता टिपून घेतो. पुष्कळ मेनूंत मात्र ‘दिवाळी अंक’ हे शब्द नुसत्या ‘स्पॅन’ टॅगमध्ये असतात आणि पान उघडायचं काम ‘ऑनक्लिक’च्या जावास्क्रिप्टवर सोपवलेलं असतं. बॉट जावास्क्रिप्ट चालवतो, २०१९पासून तर ताज्या क्रोमियम ब्राउझरवर. पण बटणं दाबत बसत नाही. दुसरीकडून लिंक नसेल, साइटमॅपमध्येही नोंद नसेल, तर ते पान त्याच्या लेखी नाहीच.

मोबाइलवरच्या तीन रेघांच्या मेनूची धास्ती मात्र नको. लिंक सीएसएसने झाकलेली असली, तरी एचटीएमएलमध्ये असली की पुरे.

मला जास्त लागतं ते वेगळंच. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, तो वाचक कीबोर्डची टॅब कळ दाबत लिंकांवरून पुढे सरकतो. साध्या ‘स्पॅन’पाशी ती थांबतच नाही. म्हणजे ज्या चुकीने बॉट अडतो, तिनेच हा माणूसही दाराबाहेर राहतो. आपल्या संस्थेची वेबसाइट आजच उघडा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब दाबत मेनूतून फिरून बघा.