आरसा सगळे सांगत नाही

गेल्या पावसाळ्यात पाड्यावरच्या आमच्या बालवाडीत मी मुलांच्या वाढीचा तक्ता भरत होते. त्यात एक रकाना होता : ‘आरशात स्वतःला ओळखते का?’ दोन वर्षांच्या एका मुलीला आरशापुढे उभे केले. ती हलली नाही, हसली नाही, नुसती बघत राहिली. मी फुली मारली. थोड्या वेळाने झोळीतले बाळ रडले, तेव्हा कोणी न सांगता तीच उठली आणि झोळी हलवू लागली. ती फुली माझ्या मनाला टोचत राहिली.

ही आरशाची चाचणी १९७२ सालची. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बेउला ॲम्स्टरडॅम यांनी मुलांच्या नकळत त्यांच्या नाकाला रंग लावून आरसा दाखवला. मुलाचा हात स्वतःच्या नाकाकडे गेला, तर ‘हा मीच’ हे त्याला कळले, असे मानायचे. अमेरिका-युरोपातील बहुतेक मुलांना हे दीड ते दोन वर्षांत जमते.

पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केनियातील दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांपैकी दोघांनाच ही चाचणी जमली. बाकीची बहुतेक आरशापुढे खिळून राहिली. सहा वर्षांच्या मुलाला ‘मी’ कळत नाही, असे कोण म्हणेल? अशा वेळी काय करणे योग्य, हेच त्यांना उमगत नसावे, असे अभ्यासकांचे मत पडले.

दुसऱ्या एका चाचणीत मुलाला गालिच्यावर उभे राहून गाडी ढकलायची होती. गालिचा गाडीलाच बांधलेला. ‘माझ्यामुळेच गाडी अडली’ हे ओळखून खाली उतरण्यात झांबियातील मुले स्कॉटलंडच्या मुलांपेक्षा सरस ठरली. आरशाच्या चाचणीत मात्र उलटे घडले.

कॅमेरूनमधील न्सो शेतकरी कुटुंबांत बाळ सतत कोणाच्या तरी अंगाशी असते. ही मुले आरशात स्वतःला उशिरा ओळखतात, पण मोठ्यांचे सांगणे लवकर पाळू लागतात. म्हणजे ‘मी’ची जाणीव सगळीकडे उमलते, ती आधी कुठे दिसेल, हे संगोपनावर ठरते.

तक्ता टाकून देऊ नका. खरी अडचण असलेले मूल वेळेत ध्यानात आलेच पाहिजे. पण एका फुलीवरून ‘मंद’ हा शिक्का मारू नका. घरी ते काय करते, हे आईला, आजीला विचारा आणि तेही लिहा. त्या मुलीच्या नावापुढे मी आता लिहिले आहे : ‘बाळाला सांभाळते.’