'मला' जेव्हा 'मी' होतो

मराठीत आपल्याला भूक लागते, थंडी वाजते, स्वप्न पडते. ही कामे आपण करत नाही, ती आपल्या वाट्याला येतात. म्हणून तिथे 'मी' चालत नाही, 'मला' लागतो. डेन्मार्कमधल्या माणसालाही सातशे वर्षांपूर्वी असेच 'मला' स्वप्न पडत असे.

याचा एक सुंदर पुरावा कोपनहेगनमध्ये जपून ठेवला आहे. सुमारे 1300 सालचे 'कोडेक्स रुनिकस' हे रून लिपीतले हस्तलिखित म्हणजे खरे तर कायद्याचे पुस्तक. पण त्याच्या शेवटच्या पानावर कोणीतरी एका गाण्याची सुरुवात स्वरांसह लिहून ठेवली. पुढे डेन्मार्कच्या रेडिओने हीच चाल कार्यक्रमांमधली खूणधून म्हणून अनेक वर्षे वाजवली. त्या गाण्यात स्वप्न पाहणारा स्वतःला 'मिक' म्हणतो, म्हणजे 'मला'. आजचा डॅनिश माणूस मात्र स्वप्न सांगताना 'याय' म्हणतो, म्हणजे 'मी'.

हा बदल झाला कसा? मध्ययुगात डॅनिश नामांचे विभक्तिप्रत्यय गळून पडले. राजा कर्ता असो की कर्म, शब्दाचे रूप एकच. क्रियापदही पुरुषानुसार बदलेनासे झाले. मग वाक्यात कोण कोण आहे हे ओळखायचे कसे? जागेवरून. क्रियापदाआधी बसलेला तो कर्ता. अनुभव घेणारा माणूस बहुधा तिथेच बसलेला असे, आणि हळूहळू 'मला'च्या जागी 'मी' आला. इंग्रजीतही असेच घडले. पूर्वी तिथे राजाला नासपती आवडत, पुढे राजा नासपती 'आवडू' लागला! कोपनहेगनचे थोर भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी हे उदाहरण प्रसिद्ध केले.

पण भाषा घर बदलताना थोडे जुने सामान मागे ठेवतेच. 'मला वाटते' यासाठी डॅनिश माणूस आज जे क्रियापद 'मी'बरोबर वापरतो, त्याचा मूळ अर्थ 'दिसणे, भासणे'. म्हणजे शब्दशः तो 'मी भासतो' असे म्हणतो! 'मला जमले' म्हणताना मात्र 'मला' अजून शाबूत आहे. फक्त कर्त्याच्या रिकाम्या जागी 'ते' हा शब्द आणून बसवला आहे.

इथे खरा वाद सुरू होतो. जुन्या वाक्यातला 'मला' हा कर्म होता आणि नंतर त्याला कर्तेपदी बढती मिळाली, असे पूर्वी मानत. योहान्ना बार्दाल आणि थोरहॅलूर एय्थोर्सन या अभ्यासकांनी 2003 मध्ये वेगळे मत मांडले. त्यांच्या मते तो आधीपासूनच कर्ता होता, फक्त त्याच्या अंगावर कर्त्याचे कपडे नव्हते. आधार आइसलँडच्या भाषेचा. डॅनिशची ही बहीण आजही 'मला'च म्हणते, आणि तो 'मला' तिथे कर्त्यासारखाच वागतो. जुन्या डॅनिश माणसाला विचारायची सोय नाही. उरली आहेत ती हस्तलिखिते, आणि त्यांतली वाक्ये दोन्ही बाजूंना ओढता येतात.

मला स्वतःला दुसरे मत पटते, आणि त्याचे कारण मराठी आहे. 'रामाला आपल्या गावाची आठवण आली' हे वाक्य घ्या. आता सांगा, 'आपल्या' म्हणजे कोणाच्या? रामाच्या. एरवी 'आपला' हा शब्द कर्त्याकडे बोट दाखवतो. इथे तो 'रामाला'कडे दाखवतो. आइसलँडच्या भाषेतही नेमके हेच घडते.

शाळेत 'मला चंद्र दिसतो' या वाक्यात कर्ता 'चंद्र' असे शिकवतात. क्रियापद चंद्राप्रमाणे बदलते, त्यामुळे ते उत्तर चूक नाही. पण ते पुरेही पडत नाही. क्रियापद ज्याचे ऐकते तो एक, आणि वाक्य ज्याच्याभोवती फिरते तो दुसरा, असे असू शकते. डॅनिशने हे दोघे एकाच खुर्चीत बसवले. मराठीने दोन खुर्च्या ठेवल्या. कर्ता म्हणजे काय, याचे एका ओळीतले उत्तर म्हणूनच मिळत नाही.