घरातलं घरात (लेखांक 14) : हे गेलं, हे हाये

अकोटच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. "जुन्या साड्या, मुलांच्या पँटी, बरण्या, झाकणं, खताची पोती सगळं जपून ठेवलंय. शिवण येते, हातही बरा चालतो. पण समोर घेऊन बसलं की काय करावं तेच सुचत नाही. तुम्हाला कसं सुचतं?"

प्रश्न इतका नेमका आहे की कबूल केलेली लगद्याची टोपली आज पुढं ढकलतो. ज्यांनी कागद भिजत घातला आहे त्यांनी पाणी तेवढं रोज बदलत राहावं. कागद जितका मुरेल तितका लगदा चांगला कुटला जातो.

ताई, बहुतेक जण आधी तयार वस्तूचं चित्र बघतात आणि मग तशी वस्तू करायला घरात सामान शोधतात. चित्रातली साडी निळी असते, आपल्याकडं हिरवी निघते. मग बाजारातून लेस येते, मणी येतात, गोंदाची बाटली येते. शेवटी नव्या सामानाची एक वस्तू तयार होते आणि जुन्या साड्या पेटीत होत्या तिथंच राहतात. मी चित्रं बघत नाही असं नाही, पण सुरुवात तिथून करत नाही. मी वस्तू उजेडात धरतो आणि ती कुठं झिजली आहे ते बघतो.

शर्ट घ्या. कॉलर फाटते, बाह्यांच्या कडा आणि कोपर विरतात. पुढची गुंड्यांची पट्टी मात्र जशीच्या तशी असते, काजांसकट. पुढचा आणि मागचा भाग काखेच्या खाली आडवा कापला, उलटा करून वरची आणि खालची उघडी बाजू शिवली की उशीचा अभ्रा झाला. गुंड्या आधीच लावलेल्या असतात, तोंड बंद करायची वेगळी सोय लागत नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. जे झिजलं ते वगळल्यावर जे उरलं, त्याचा आकारच तसा होता. पँटीचं गणित वेगळं. गुडघे आणि बसायची जागा जाते, पायाची खालची कड घासते. कमरपट्टा, खिसे आणि पोटरीवरचं कापड दणकट राहतं. खिसे उसवून घ्यायचे नाहीत, भोवतीच्या कापडासकट कापायचे. दाराच्या मागं टांगायच्या पिशवीवर ते तसेच बसतात.

ही नजर मला सोनाळ्यानं दिली. सोनाळा संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. उत्तरेला अंबाबरव्याचं रान, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडं उतरत गेलेली कपाशी-तुरीची काळी जमीन. सोनाजी महाराजांच्या यात्रेला घरोघर पाहुणे येतात, तेव्हा पेट्यांवरच्या गोधड्यांच्या चवडी खाली उतरतात, आणि कोणाच्या घरातल्या बाईचा हात कसा आहे ते पाहुण्यांना अंगावर घेतल्या घेतल्या कळतं. तिथल्या एका आजींपाशी मी पुष्कळ बसलो आहे. जुनं कापड हाती आलं की आजी आधी दारात जात. दोन्ही हातांनी ते उन्हाकडं ताणून धरत आणि बोट फिरवत म्हणत, "हे गेलं. हे हाये. हे बी हाये." विरलेल्या जागेतून ऊन चाळणीतल्यासारखं खाली पडे. एवढं झाल्यावरच कात्री निघायची.

आजींच्या पिढीनं ही नजर कमावली ती दांड घालताना. जुन्या वाचकांना दांड सांगायला नको, नव्यांसाठी दोन वाक्यं. नऊवारी लुगडं सगळीकडं सारखं झिजत नाही. बसायच्या जागी आणि काष्ट्यापाशी ते आधी विरतं, पदराकडचा भाग कितीतरी दिवस चांगला राहतो. मग दोन जुनी लुगडी घ्यायची, दोन्हींतला गेलेला भाग काढून टाकायचा आणि चांगले तुकडे आडव्या शिवणीनं जोडून एक लुगडं उभं करायचं. ही शिवण म्हणजे दांड. आजी ती अशा अंतरावर घेत की नेसल्यावर निऱ्यांत जाऊन बसायची. म्हणजे कापायच्या आधीच नेसलेलं लुगडं डोळ्यांपुढं असे. दांडाचं लुगडं नेसणं हे गरिबीचं लक्षण मानलं गेलं, त्यामुळं त्यातल्या कौशल्याकडं कोणी पाहिलं नाही. मला ते शिवणकामातलं फार वरच्या दर्जाचं काम वाटतं.

आणि ते फक्त आपल्याकडचं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून 1941 पासून कपड्यांवर रेशन आलं. 1943 मध्ये तिथल्या सरकारनं 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून घरातलं कापड पुरवून कसं वापरावं ते बायकांना सांगितलं. त्या काळात तिथं पलंगाच्या चादरी मधोमध उभ्या फाडून, न झिजलेल्या दोन्ही कडा मध्ये आणून शिवत आणि विरलेला भाग दोन्ही बाजूंना गादीखाली दाबून टाकत. दांडाचीच रीत, फक्त आडवी शिवण उभी झाली.

दांडाचं लुगडंही एक दिवस संपतं. त्यातलं मऊ कापड बाळंतघरात जातं, कारण तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं. दुपटी, झबली जुन्याचीच. थोडं कापसाच्या वेचणीला पोटाशी बांधायच्या झोळीत जातं, थोड्याची चुंभळ होते. उरलेलं सगळं गोधडीत.

गोधडी म्हणजे चिंध्या एकावर एक रचून टाके मारायचे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कोणी थर लावताना पाहावं. अंगणात सगळ्यांत मोठं चांगलं पातळ अंथरलं जातं. त्यावर आतले थर, आणि खरी अक्कल इथं लागते. एका थरातली विरलेली जागा दुसऱ्या थरातल्या घट्ट जागेखाली आली पाहिजे. दोन्ही विरलेल्या जागा एकाच ठिकाणी आल्या तर गोधडी तिथं खड्डा धरते आणि पहिल्या धुण्यातच तिथून जाते. म्हणून आजी तुकडा फिरवून, उलटा करून, पुन्हा बघून ठेवत. काठ वेगळे काढून ठेवलेले असत, ते शेवटी कडेला. काठाची वीण दाट असते आणि गोधडी ओढली जाते ती कडेलाच. मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत यायचं. कोणी शेजारीण आली की दुसऱ्या बाजूला बसायची आणि बोलता बोलता तिची ओळ सुरू व्हायची. दोघींचे टाके वेगळे दिसतात. ते तसेच राहू द्यायचे.

एका गोष्टीपाशी मी बरीच वर्षं अडलो होतो. सोनाळ्याच्या चहूबाजूंना कपाशी, आणि गोधडीत कापूस नाही. गादीत असतो, पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला. गोधडीत मात्र फक्त जुनं कापड. याचं उत्तर शेताच्या हिशेबात आहे. कापूस हे विकायचं पीक. शेतातला कापूस घरात मुरवला तर वर्षाचा पैसा कमी होतो. हा हिशेब जुना आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या संस्थानांतून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. खामगावची बाजारपेठ त्या कापसावरच एवढी फुगली की जलंब ते खामगाव असा खास रेल्वेचा फाटा टाकला गेला. 1870 मध्ये त्याचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. ज्या बायकांनी तो कापूस वेचला त्यांच्या अंगावर रात्री जुन्या लुगड्यांची गोधडी होती.

आता ज्या मुलखाचा कापूस अडला तिकडं जाऊ. अलाबामा संस्थानात नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं एक गाव आहे. कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांच्या वंशजांचं हे गाव, पिढ्यान्‌पिढ्या गरीब. तिथल्या बायकांनीही घालून जुने झालेले कपडे फाडून गोधड्या शिवल्या. त्या जिनिंगच्या जमिनीवर सांडलेला कापूस झाडून आणून आत भरत, आपल्याकडं तेवढंही नव्हतं. 2002 मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, तिथून न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेल्या. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली.

त्यांतली एक गोधडी मिझुरी पेटवे या बाईंनी 1942 मध्ये शिवली. नवरा गेला होता. त्याचे शेतात घालायचे कपडे त्यांनी घेतले आणि त्यांचीच गोधडी केली, त्याची आठवण राहावी आणि तिच्या उबेत निजता यावं म्हणून. त्या गावच्या शेतकपड्यांच्या गोधड्या नीट बघितल्या तर निळ्या कापडावर मध्येच एखादा गडद चौकोन दिसतो. तिथं खिसा होता. खिसा उसवला, त्याच्याखालच्या कापडाला ऊन लागलंच नव्हतं, म्हणून तेवढा रंग ताजा राहिला. शिवणाऱ्या बाईंनी तो चौकोन झाकला नाही, तो दिसेल असाच तुकडा लावला. मला या सगळ्या विषयात इतकी आवडलेली दुसरी गोष्ट नाही. झीज बघायची ती फक्त वगळण्यासाठी असं मी समजत होतो, तिथं झिजेचीच नक्षी झाली होती. ताई, मुलांच्या पँटींचे खिसे उसवायचेच असतील तर उसवल्यावर खालचा रंग बघा आणि तो तुकडा बाजूला ठेवा.

साड्यांबद्दल एक सावधगिरी. आजींच्या पेटीत सुती पातळं होती, तुमच्या पेटीत बहुतेक सिंथेटिक साड्या असणार. ती साडी विरत नाही. धागा ओढला जातो, फॉल निघतो, रंगाचा कंटाळा येतो, म्हणून ती बाजूला पडते. उजेडात धरलं तर सगळीकडं "हे हाये". पण ती घाम शोषत नाही आणि थर एकमेकांवरून सरकतात. तिला मधल्या थरात घ्या, वर आणि खाली सुती कापड ठेवा, टाका नेहमीपेक्षा जवळ घ्या आणि शिवायच्या आधी चारी बाजूंनी कच्चा दोरा घालून घ्या. सगळीच सिंथेटिक साड्यांची गोधडी दिसायला झगझगीत होते, पण वैशाखात ती कोणी अंगाखाली घेत नाही.

बरण्या आणि झाकणं या रीतीत बसत नाहीत, कारण ती झिजतच नाहीत. त्यांच्याकडं बघायची रीत सोनाळ्याहून सातपुडा ओलांडून पलीकडं सापडते. 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतले तरुण इंजिनियर अरविंद गुप्ता एक वर्षाची रजा घेऊन होशंगाबाद जिल्ह्यातल्या विज्ञानशिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळाली. तिच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी आगकाडी खुपसली की काडी घट्ट बसते आणि सांधा वाकतोही. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, ते खेड्यातल्या पोरांना हातात कळलं. ती नळी हवा धरण्यासाठी होती. गुप्तांनी तिचं काम बाजूला ठेवलं आणि ती पकडते कशी तेवढं पाहिलं. झाकणाकडं असं बघायचं : ते घट्ट बसतं, कडेला उभी धार आहे, पाणी धरतं. यावर स्वतंत्र लेखांक लिहायचा आहे, टोपलीनंतर.

राहिली पोती. खताचं पोतं प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या विणून केलेलं असतं आणि घासण्यानं ते सहज जात नाही. पावसात शेतावर निघालेला माणूस पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसतो आणि डोक्यावर खोळ घेतो, ना कात्री ना सुई. इतकी नेटकी कल्पना मी दुसरी पाहिलेली नाही. शिवण उसवून पोती जोडली की वाळवणाचं अंथरूण होतं, दुहेरी करून बंद लावले की बाजाराची पिशवी होते. पण या पोत्याला ऊन खातं. वरून धड दिसतं आणि आतून पट्ट्या ठिसूळ झालेल्या असतात. म्हणून पोत्याची परीक्षा उजेडात धरून होत नाही. आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन खत पूर्ण काढा, सावलीत वाळवा, मग पट्टीवर नख ओढा. पांढरी भुकटी नखाला लागली किंवा पट्टीचे धागे सुटले तर ते पोतं शिवायला घेऊ नका, धान्याजवळ तर मुळीच नेऊ नका. नख घसरलं आणि पट्टी जागची हलली नाही तर ते पोतं खुशाल कापा. कापलेल्या कडेच्या पट्ट्या लगेच सुटू लागतात, तेव्हा कड दोन बोटं आत दुमडून घ्या आणि शिवण त्या दुमडीवरूनच घाला.