भूमिकाधारण आणि समूहभावना : लार्प व बोहाडा यांच्या संदर्भात

प्रस्तावना

स्वतःखेरीज अन्य कोणाचे तरी रूप अंगावर घेणे ही मानवाची अतिशय जुनी प्रवृत्ती होय. नाट्यगृहात हे रूप प्रेक्षकांसाठी धारण केले जाते आणि पडदा पडताच नट व प्रेक्षक आपापल्या वाटेने जातात. परंतु ज्यात रूप घेणारे आणि ते पाहणारे एकाच समूहाचे घटक असतात, असेही काही प्रकार आहेत. पाश्चात्त्य देशांत गेल्या सुमारे पन्नास वर्षांत रुजलेला ‘लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग’ अर्थात ‘लार्प’ हा खेळ त्यांपैकी एक, तर जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातील आदिवासींचा ‘बोहाडा’ हा दुसरा. यातील पहिला करमणुकीचा खेळ आहे आणि दुसरे देवकार्य आहे. हा भेद मान्य करूनही भूमिकेच्या आधारे घट्ट समूह कसा उभा राहतो, हे समजून घेण्यासाठी दोहोंचा एकत्र विचार उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात केला आहे.

लार्प : संकल्पना व वाटचाल

लार्पमध्ये सहभागी व्यक्ती एखाद्या कल्पित जगातील पात्र होऊन काही तास वा काही दिवस वावरतात. संवाद लिहिलेले नसतात. कथानकाची चौकट व नियम ठरलेले असतात. बाकी सर्व प्रत्यक्ष कृतीतून घडते. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळाने भूमिकाधारणाची गोडी लावली. १९७७ मध्ये वॉशिंग्टन परिसरात ‘डॅगोर्हिर’ हा गट, तर १९८२ मध्ये इंग्लंडमधील पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ हा उपक्रम सुरू झाला. १९९७ पासून उत्तर युरोपातील लार्पकर्त्यांचा ‘क्नूटेपुंक्ट’ हा मेळावा भरू लागला. ओस्लो येथे सुरू झालेल्या या मेळाव्यातून या खेळाची वैचारिक बाजूही विकसित होत गेली.

बोहाडा : स्वरूप

भिवंडीहून वाड्यामार्गे उत्तरेकडे गेल्यास विक्रमगड, जव्हार व मोखाडा हे तालुके लागतात. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी हा सर्व प्रदेश भिवंडीप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होता. आज तो पालघर जिल्ह्यात आहे. येथील वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी इत्यादी जमातींमध्ये होळीनंतर उन्हाळ्यात गावोगाव बोहाडा होतो. काही ठिकाणी त्यास ‘भोवाडा’ असेही म्हणतात. संबळ व सनईच्या तालावर देवदेवता, रामायण-महाभारतातील पात्रे व राक्षस यांचे मुखवटे धारण केलेली सोंगे रात्री नाचत येतात. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे मुखवटे प्रचारात आले. आरंभी गणपती व शारदा यांची सोंगे येतात आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होऊन उत्सवाची सांगता होते. अनेक गावांत विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला असतो.

समूहाची स्थापना

लार्पचा गट स्वेच्छेने स्थापन होतो. समान आवड असलेल्या चार-सहा व्यक्ती एकत्र येतात, नियम ठरवतात, वेशभूषा व साहित्य तयार करतात. मात्र केवळ आवडीवर गट फार काळ तग धरत नाही. जागा मिळवणे, स्वयंपाक, खर्चाचा हिशेब, नवख्याला शिकवणे ही खेळाबाहेरची कामे वाटून घेतली जातात, तेव्हाच त्या मंडळींचा खऱ्या अर्थाने गट होतो. बोहाड्यात गाव आधीपासूनच असते. तरीही वर्गणी गोळा करणे, मुखवट्यांची डागडुजी, वाजंत्र्यांची व्यवस्था या कामांतून गाव दरवर्षी स्वतःला नव्याने जुळवून घेते. म्हणजेच स्थापना ही एकदाच घडणारी घटना नसून प्रतिवर्षी करावयाची कृती आहे, असे म्हणता येईल.

बांधिलकीचे स्वरूप

डच विचारवंत योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा नित्य व्यवहारापासून वेगळ्या काढलेल्या वर्तुळात चालतो, असे प्रतिपादन केले. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी १९६९ मध्ये विधीच्या काळात नित्याची उतरंड शिथिल होऊन उत्कट समभाव निर्माण होतो, असे मांडले. या दोन्ही सिद्धांतांनी एकत्र येण्याच्या क्षणाचे स्पष्टीकरण मिळते. परंतु तो क्षण सरल्यावरही माणसे एकमेकांशी बांधलेली का राहतात, याचे उत्तर भूमिकेच्या स्वरूपात शोधावे लागते.

भूमिका ही केवळ व्यक्तीची अभिव्यक्ती नसते. ती इतरांसाठी उचललेली जबाबदारी असते. महिषासुराचे सोंग आले नाही तर देवीचे युद्ध होणार कोणाशी? लार्पमध्येही एका पात्राच्या गैरहजेरीने इतरांचे कथानक अडते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव म्हणजेच समूहाशी असलेल्या नात्याचा गाभा होय.

या नात्याला मर्यादाही आहेत. बोहाड्यात स्त्रीदेवतांची सोंगेसुद्धा परंपरेने पुरुषच घेत आले आहेत. लार्पचे दार तत्त्वतः सर्वांना खुले असले तरी सवड व पैसा नसलेल्यास ते बंदच राहते. समूह जितका घट्ट, तितकी त्याची कड अधिक ठळक असते.

स्थलांतर आणि सोंग

भिवंडीचा या विषयाशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही. जव्हार-मोखाड्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर येतात व पावसाळ्यापूर्वी परततात. होळीला गावी जाण्याची त्यांची रीत आहे. बोहाड्याचे दिवस मात्र भट्टीच्या ऐन हंगामात येतात. गावी जायचे तर मजुरी बुडते आणि उचल फिटत नाही. न जावे तर सोंगाचा मान सांभाळायचा कोणी, हा प्रश्न उरतो. भट्टीवर तो मनुष्य मजुरांपैकी एक असतो व त्याच्या जागी दुसरा सहज येऊ शकतो. गावी मात्र त्याच्या घराण्याचे सोंग त्याची वाट पाहत असते. मजुरी बुडवूनही माणूस गावाकडे निघतो, तो केवळ करमणुकीसाठी नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

समारोप

स्वेच्छेने जमलेला लार्पचा गट असो वा परंपरेने बांधलेले बोहाड्याचे गाव, समूह टिकतो तो प्रत्येकास सोपवलेल्या आणि इतरांनी अपेक्षिलेल्या भूमिकेमुळे. मुखवटे संग्रहालयात जतन करता येतात. सोंग मात्र ते उचलणाऱ्या माणसाशिवाय जतन होत नाही. म्हणून बोहाड्याच्या जतनाचा प्रश्न हा मूलतः स्थलांतराचा व रोजगाराचा प्रश्न आहे. याच कुटुंबांतील मुले आता महाविद्यालयांत येऊ लागली आहेत. होळीनंतर त्यांच्यापैकी एखादा चार दिवस वर्गात दिसला नाही, तर त्या गैरहजेरीमागे गावातील एखादी हजेरी असू शकते, याचे भान अध्यापकवर्गाने ठेवणे उचित ठरेल.