पोटरीतील रक्ताची गुठळी : रक्त पातळ करणारी औषधे आणि वेदनाशमन

पायाची पोटरी दुखू लागली की घरात प्रथम तेलाची वाटी गरम होते. दिवसभर शेतात वा कुळागरात राबलेल्या माणसाच्या दुखण्यावर हा उपाय बहुधा पुरेसा ठरतो. परंतु एकच पाय सुजला, पोटरी घट्ट व उष्ण लागू लागली, त्वचेवर लाली आली आणि पाऊल टाकताना कळ येऊ लागली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जाणे अगत्याचे असते. पोटरीच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. एका पायाला सूज दिसली की गावात हत्तीरोगाची शंका घेतली जाते. पण हत्तीरोगाची सूज सामान्यतः महिनोन्महिने वाढत जाते. गुठळीची सूज थोड्याच दिवसांत दिसू लागते.

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांवाटे पायापर्यंत येते आणि नीलांवाटे परत वर जाते. वर चढण्याच्या या कामात पोटरीचे स्नायू पंपासारखे साहाय्य करतात. माणूस चालतो तेव्हा हे स्नायू आवळले जाऊन नीलेतील रक्त वर ढकलले जाते व नीलांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. हाडाला प्लास्टर घातल्यामुळे, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, दीर्घ आजारात किंवा लांबच्या प्रवासात पाय तासन्‌तास स्थिर राहिला की हा पंप बंद पडतो. कर्करोग, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या व उतारवय यांमुळेही रक्त साकळण्याची प्रवृत्ती वाढते.

पोटरीतील गुठळीचे खरे भय पोटरीत नसते. ती वर मांडीच्या नीलेपर्यंत वाढली आणि तिचा तुकडा सुटला, तर तो हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो. असे तुकडे पायाच्या नीलांतून येतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्याने दाखवून दिले. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा घेरी येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

निदानासाठी ध्वनिलहरींची डॉप्लर तपासणी करतात. तिच्यात सुई टोचावी लागत नाही. गुठळी पोटरीपुरतीच असेल, त्रास थोडा असेल आणि ती वाढण्याची कारणे नसतील, तर डॉक्टर काही वेळा औषध न देता दोन आठवडे पुन्हा पुन्हा तपासणी करून तिच्यावर लक्ष ठेवतात. वेदना व सूज तीव्र असल्यास किंवा गुठळी वर सरकत असल्यास रक्त पातळ करणारे औषध सुरू होते व ते बहुधा किमान तीन महिने चालते.

‘रक्त पातळ करणारे औषध’ हा शब्दप्रयोग रूढ झाला असला तरी तो थोडा फसवा आहे. या औषधाने रक्त पाण्यासारखे होत नाही, आणि झालेली गुठळीही त्याने विरघळत नाही. रक्त साकळण्याची क्रिया मंदावते, गुठळीची वाढ थांबते, आणि ती हळूहळू विरघळविण्याचे काम शरीर स्वतःच करते.

यांपैकी वॉरफरिन या औषधाचा जन्म गोठ्यात झाला असे म्हणता येईल. १९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि न साकळलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्यातून सुरू झालेल्या संशोधनात चाऱ्यातील दोषी द्रव्य सापडले. पुढे त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी आणि १९५४ मध्ये माणसांवरील औषध म्हणून वापरात आले. ‘हे तर उंदराचे विष’ असे कुणाकडून ऐकून काही रुग्ण गोळी टाकून देतात. उंदराला मारते ती मात्रा. मोजून दिलेली तीच वस्तू माणसाचे प्राण राखते.

वॉरफरिन व त्याच्याच जातीचे असिनोकुमरॉल ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्याला अटकाव करतात. त्यांचा पूर्ण परिणाम होण्यास काही दिवस लागतात. म्हणून आरंभी हेपॅरिन जातीची इंजेक्शनेही देतात. मात्रा योग्य आहे की नाही हे ‘आयएनआर’ या रक्ततपासणीवरून ठरते आणि हा आकडा सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. पालक, मेथी, तांबडी भाजी, शेवग्याचा पाला यांत ‘के’ जीवनसत्त्व असते. या भाज्या वर्ज्य करण्याचे कारण नाही. रोजचे प्रमाण मात्र साधारण सारखे असावे. एक आठवडा भाजीच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळा पालेभाजी, अशाने आकडा डळमळतो. गावठी काढ्यांचीही माहिती डॉक्टरांना द्यावी. रिव्हारोक्झाबॅन, अपिक्झाबॅन या नव्या गोळ्यांना ही नित्याची तपासणी लागत नाही. परंतु त्यांचा परिणाम लवकर ओसरत असल्याने गोळी चुकविणे अधिक धोक्याचे ठरते.

आता वेदनेविषयी. बहुतेक घोटाळा येथेच होतो. रक्त पातळ करणारे औषध वेदनाशामक नव्हे. ते सुरू झाल्यावरही पोटरी काही दिवस, कधी काही आठवडे ठणकत राहते. औषध लागू पडत नाही असे समजून रुग्ण दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणतो. या गोळ्या जठराचे अस्तर दुखावतात आणि रक्त थांबविणाऱ्या बिंबिकांचे कार्यही मंदावतात. आधीच रक्त साकळत नसलेल्या माणसाच्या जठरातून त्यामुळे गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. अॅस्पिरिनचेही तसेच; मात्र हृदयविकारासाठी ते आधीपासून चालू असेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

अशा रुग्णाला वेदनेसाठी सामान्यतः पॅरासिटामॉल देतात. तेही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच घ्यावे; यकृताचा विकार किंवा मद्याचे व्यसन असल्यास विशेष जपावे. वॉरफरिनसोबत ते जास्त मात्रेत अनेक दिवस घेतल्यास आयएनआर वाढू शकतो. बाजारातील कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मिसळलेले असते. पाकिटावरील बारीक अक्षरे वाचणे ज्यांना जमत नाही त्यांना गावातील शिक्षकांनी ती वाचून दाखविल्यास मोठे काम होईल.

निजताना पाय उशांवर उंच ठेवल्याने ठणका उतरतो. उपचार सुरू झाल्यावर अंथरुणाला खिळून राहण्याची सहसा गरज नसते. झेपेल तसे चालावे. घट्ट मोज्यांनी काहींना आराम पडतो, पण ते डॉक्टरांना विचारूनच घालावेत. सुजलेली पोटरी चोळू नये.

बाळंतिणीच्या बाबतीत हे विशेष सांगावे लागते. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका बराच वाढलेला असतो, आणि आपल्या चालीरीतींप्रमाणे नेमक्या त्याच काळात ती खाटेवर असते व तिला रोज तेल लावले जाते. युरोपात एके काळी बाळंतिणीचा सुजलेला पाय म्हणजे दूध पायात उतरले असे समजत. मालिश करणाऱ्या बाईने एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड वा गरम लागताच हात थांबवून घरच्यांना सांगावे. गर्भवतीला वॉरफरिन सहसा न देता हेपॅरिनची इंजेक्शने देतात. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र वॉरफरिन चालते.

औषध चालू असताना शौच काळे होणे, लघवीतून रक्त जाणे, हिरड्यांतून वा नाकातून न थांबणारा रक्तस्राव होणे किंवा डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला आणि कंबरेत इंजेक्शन घेण्यापूर्वी ते देणाऱ्याला हे औषध चालू असल्याचे सांगावे, कारण स्नायूत टोचलेल्या सुईनेही आत रक्त साठते. औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटचा आयएनआर लिहिलेला कागद खिशात बाळगावा.