आभासी दुव्याचे अधिप्रमाणन

जाळ्यातील मार्ग ठरविण्याचे कार्य व्यवस्थापनक्षम स्विचाकडेही सोपविता येते. ‘ओएसपीएफ’ या नियमावलीत (आवृत्ती २, १९९८) शेजारी स्विच एकमेकांस आपापल्या दुव्यांची वार्ता कळवितात. ही वार्ता बनावट असली, तर सारी रहदारी परक्या वाटेस लागेल. म्हणून प्रत्येक संदेशास गुप्त किल्लीने काढलेली मुद्रा जोडता येते. हेच अधिप्रमाणन होय. ‘प्रमाणीकरण’ हा शब्द मी हेतुतः टाळला आहे. आम्हा भाषाभ्यासकांचे मन त्याने प्रमाणभाषेकडे धाव घेते. मुद्रेमुळे संदेश किल्लीधारकाचा व अविकृत आहे एवढेच कळते. मजकूर झाकला जात नाही.

खरी अडचण येते ती आभासी दुव्यापाशी. एखादे क्षेत्र कणाक्षेत्रास, म्हणजे क्षेत्र ० यास, प्रत्यक्ष भिडत नसेल, तर मधल्या क्षेत्रातून असा दुवा कल्पावा लागतो. तो जातो, समजा, क्षेत्र १ मधून. पण गणला जातो क्षेत्र ० चा. सबब संपूर्ण कणाक्षेत्रास अधिप्रमाणन लागू केले की दुव्याच्या दूरच्या टोकासही ते लागू करणे प्राप्त होते, मग त्या स्विचाचा एकही प्रत्यक्ष दुवा क्षेत्र ० मध्ये नसला तरी. नेमके हेच विसरले जाते. पद्धत, किल्ली व किल्लीचा क्रमांक ही दोन्ही टोकांस जुळल्याखेरीज शेजारसंबंध प्रस्थापित होत नाही आणि पलीकडचे क्षेत्र एकाकी पडते.

मुद्रेसाठी जुनी एमडी५ पद्धती आता दुबळी मानली जाते. २००९ पासून मान्य झालेल्या एसएचए कुळातील पद्धती स्विचास साधत असल्यास त्याच घ्याव्यात. किल्ली बदलताना जुनी तत्काळ पुसू नये. नवी किल्ली निराळ्या क्रमांकाने दोहोंकडे नोंदवावी, शेजारसंबंध टिकल्याचे पाहावे व मगच जुनी काढावी.