उसाचा काटा आणि साखरेची खतावणी

शहरांतील गृहिणी बारा महिने सारख्याच सहजतेनें साखर विकत घेते. परंतु ज्या उसापासून ती साखर होते, त्याचें गाळप वर्षांतून अवघे चार-पांच महिनेच चालतें. कच्चा माल थांबावयास तयार नाहीं आणि पक्का माल मात्र वर्षभर सांभाळून ठेवावा लागतो. या दोहोंचा मेळ घालणें हाच साखरकारखान्याच्या व्यवहाराचा गाभा होय. यंत्रांची भव्यता पाहणाऱ्याच्या सहज डोळ्यांत भरते. हें हिशेबाचें काम मात्र फारसें कोणाच्या दृष्टीस न पडतां चाललेलें असतें.

हा व्यवहार समजून घेण्यास अहमदनगर जिल्ह्यासारखें दुसरें ठिकाण क्वचितच सांपडेल. 2024 पासून या जिल्ह्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर असें झालें आहे. 1926 मध्यें भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. खाजगी कंपन्यांचे कारखानेहि आले. परंतु सामान्य बागाईतदार गूळ करी, आणि गुळाचा भाव कोसळला म्हणजे तो कर्जांत बुडे. यावर उपाय म्हणून लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं शेतकऱ्यांस भाग घ्यावयास लावून त्यांच्याच मालकीच्या कारखान्याची उभारणी आरंभिली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1948 मध्यें प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि 1950-51 मध्यें पहिला गळीत हंगाम पार पडला. माल देणारा आणि मालक एकच झाल्यामुळें हिशेबाच्या वहीस येथें निराळेंच महत्त्व आलें.

सहकारी कारखान्याचें पहिलें गोदाम हें शेतांत उभें असतें. लागवड होतांच शेतकरी आपल्या उसाची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्याकडे करतो. क्षेत्र किती, जात कोणती, लागवडीची तारीख कोणती, हें सर्व त्या नोंदींत येतें. आडसाली ऊस पावसाळ्यांत लावला म्हणजे दीड वर्षाच्या सुमारास तोडीस येतो; सुरू ऊस वर्षांत तयार होतो; खोडव्याचा हिशेब आणखी निराळा. कोणता ऊस कोणत्या पंधरवड्यांत पक्व होईल, हें पाहून तोडणीचा क्रम ठरतो. या क्रमांत वशिला शिरला, तर मागें राहिलेल्याचा ऊस वाळतो, त्यास तुरे येतात, वजन घटतें, आणि पुढचें पीकहि लांबणीवर पडतें. नोंदवहींतील एका तारखेवर एका कुटुंबाचें वर्ष अवलंबून असतें, तें असें.

ऊस तुटला कीं घाई सुरू होते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आंत गाळला जावा अशी अपेक्षा असते. कारण उशीर होईल तसें वजन घटतें व साखरहि कमी होते. म्हणून जितका ऊस गाळतां येईल तितकाच दररोज तोडावा लागतो. टोळ्या अधिक लावल्या तर अंगणांत गाड्यांची रांग लागते; कमी लावल्या तर यंत्र रिकामें फिरतें. या टोळ्या पाथर्डी, शेवगांव, बीड अशा कोरडवाहू मुलखांतून येतात. हंगामापूर्वी मुकादमाच्या द्वारें त्यांना उचल दिली जाते. ही उचल कारखान्याच्या वहींत येणें म्हणून दिसते. मजुराच्या घरीं मात्र ती अंगमेहनतीनें फेडावयाचें कर्ज असते. जमाखर्चाच्या एकाच ओळीचे दोन अर्थ होतात, ते असे.

यानंतर येतो वजनकाटा. भरलेली गाडी एकदां आणि रिकामी गाडी दुसऱ्यांदा तोलली जाते. दोहोंतील अंतर तें उसाचें वजन. त्याची पावती हाच शेतकऱ्याच्या विक्रीचा एकमेव पुरावा होय. शेतकऱ्याचें बिल, तोडणीची मजुरी, वाहतुकीचें भाडें आणि साखरेचा उतारा हीं सर्व त्याच एका आंकड्यावर उभीं असतात. काटा चुकला, तर पुढचे सर्व हिशेब बिनचूक जुळूनहि खोटेच ठरतात.

आतां पैशाचा प्रश्न. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज द्यावें लागतें. समजा, एखादा कारखाना दररोज 5,000 टन ऊस गाळतो आणि त्याचा उतारा 10.25 टक्के आहे. चौदा दिवसांत 70,000 टन उसापासून 7,175 टन साखर होईल. 2025-26 च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें या उताऱ्याच्या उसास क्विंटलला 355 रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला. त्या मानानें देणें 24 कोटी 85 लाख रुपयांचें झालें. तोडणी व वाहतुकीचा खर्च त्यांतूनच वजा होतो. उलट 2019 मध्यें किलोला 31 रुपये असा जो किमान विक्रीदर ठरला, त्या दरानें तीच साखर विकल्यास 22 कोटी 24 लाखांच्या आसपासच हातीं येतात. बाजारभाव त्याहून चांगला वर असेल आणि मळी, मद्यार्क, चिपाडावरील वीज यांचें उत्पन्न जोडीस येईल, तेव्हांच तोंडमिळवणी होते.

शिवाय ती साखर चौदा दिवसांत विकतां येत नाहींच. सर्वांनीं एकदम माल बाजारांत ओतला तर भाव कोसळेल. 2018 पासून कोणत्या महिन्यांत किती साखर विकावयाची याची मर्यादाहि केंद्र सरकारकडून पुन्हां ठरूं लागली. म्हणून पोतीं गोदामांत थप्प्या लावून ठेवावयाचीं, तीं बँकेकडे तारण ठेवावयाचीं, आणि त्यावर कर्ज काढून उसाचीं बिलें भागवावयाचीं, अशी रीत आहे. बँक मालाची पूर्ण किंमत देत नाहीं. कांहीं भाग सुरक्षिततेसाठीं राखून ठेवते. त्यास दुरावा म्हणतात. साखरेचा भाव उतरला कीं बँक मालाचें मूल्यांकन कमी करते आणि उचलतां येणारी रक्कम आटते. त्याच सुमारास शेतकऱ्याचें बिल देय झालेलें असतें. गोदाम साखरेनें भरलेलें, आणि तिजोरी मात्र रिकामी, असा चमत्कार मग दिसूं लागतो. शिवाय साखर जितकी अधिक दिवस पडून राहील तितका व्याजाचा भार तिच्यावर चढतो, आणि अखेर तो उसाच्या दरांतूनच निघतो.

म्हणून कुशल कारखान्यांत शेतकी खातें, काटा, गोदाम, विक्री आणि हिशेब हीं पांच खातीं परस्परांवर नजर ठेवतात. काट्यावर आलेला ऊस, निघालेली साखर, गोदामांतील पोतीं आणि बँकेस दाखविलेला साठा हे चार आंकडे एकमेकांशीं ताडून पाहिले म्हणजे गळती कोठें आहे, तें कळतें. संगणकामुळें हें काम त्वरेनें होतें. परंतु मुळांत नोंद खरी नसेल, तर त्वरेनें होतो तो घोटाळाच.

सहकारी कारखान्याचें भांडवल भागांच्या रकमेवर मोजतात, तें कायद्याच्या दृष्टीनें योग्यच आहे. परंतु आपल्या उसाचें वजन खरें झालें, आपली पाळी कोणी ओलांडली नाहीं आणि आपले पैसे वेळेवर मिळतील, हा सभासदाचा भरंवसा हें त्याचें खरें भांडवल होय. तो ढळला कीं सभासद आपला ऊस दुसऱ्या कारखान्याकडे वळवितो, यंत्रास पुरेसा माल मिळत नाहीं, प्रत्येक पोत्यावरील खर्च वाढतो आणि उत्तम यंत्रेंहि तोट्यांत चालतात. वार्षिक सभेंत ताळेबंद वाचला जात असतां जो सभासद मालसाठ्याच्या आंकड्यापाशीं थांबून प्रश्न विचारतो, तो कारखान्याचा विरोधक नव्हे. आपल्या मालमत्तेची राखण करणारा तो खरा मालक होय.